मूल माणसांत यावं म्हणून

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला मुलाकडे राहायला होतो. नातू पावणेसहा वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाणार. एका संध्याकाळी तो खाली पार्किंगमध्ये खेळायला गेला आणि दहा मिनिटांत रडत वर आला. "दादा, उनो मेरेकू लेते नै," एवढंच म्हणाला आणि सोफ्यावर पालथा पडला.

घरात तीन माणसं होती आणि तिघांची तीन उत्तरं तयार होती. मुलगा नुकताच ऑफिसातून आला होता. त्यानं खिशातून फोन काढून पोराच्या हातात दिला. रडणं थांबलं. सुनेनं शाळेतून आलेला एक कागद दाखवला. लहान मुलांसाठी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर, दहा दिवस, फी बऱ्यापैकी. "अब्बा, इथं टाकू या का? त्याला मिसळायला जमत नाही." मी काहीच बोललो नाही. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "नावामुळे तर नसेल?"

आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न फार लवकर उभा राहतो. तो उगाच उभा राहत नाही. ज्यांनी भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिला आहे, त्यांना ही शंका येणारच. पण शंका खरी असू शकते म्हणून ती प्रत्येक वेळी खरी असतेच असं नाही. मी म्हटलं, "उद्या मी खाली जाऊन बसतो. आधी बघू तरी."

दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या खुर्चीशेजारच्या कट्ट्यावर बसलो. सात-आठ पोरं, सहा ते दहा वयाची, प्लॅस्टिकची बॅट आणि रबरी चेंडू. आमचे साहेब धावत गेले, थेट चेंडू उचलला, छातीशी धरला आणि उभे राहिले. पोरं ओरडली, "अरे, दे ना!" हा देईना. सगळ्यांत मोठ्या पोरानं चेंडू ओढून घेतला. यानं त्याला लाथ मारली. झालं, बाहेर. खरं सांगतो, मी त्या पोरांच्या जागी असतो तर मीही त्याला घेतलं नसतं.

त्या दिवशी नावाचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो आम्हा तिघांचा. रविवारी बाप त्याला बोलिंग टाकतो, पण तो कधीच आऊट होत नाही. आई लुडो खेळते आणि मुद्दाम हरते. फोनवरच्या खेळात हरलं तर बटण दाबून डाव पुन्हा सुरू होतो. ज्याला साडेपाच वर्षं सगळ्यांनी जिंकू दिलं, त्याला आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं हे कळणार कुठून? त्याला कोणी वाईट शिकवलं नव्हतं. काही शिकवलंच नव्हतं. आणि वर आमची अपेक्षा होती की खाली सोडलं की तो आपोआप माणसांत येईल.

'माणसांत येणं' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. मूल माणसाच्या पोटी जन्मलं तरी ते माणसांत यावं लागतं, आणि त्याला आणावं लागतं. आपल्याकडे उर्दूत दोन शब्द जोडीनं वापरतात, तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे शिकवणं. तरबियत म्हणजे वाढवणं, जोपासणं. तालमीसाठी आपण शाळा आणि ट्यूशन शोधतो, फी भरतो. तरबियत मात्र आपण सूचनांवर भागवतो. 'नीट बोल', 'भांडू नको', 'सलाम कर', 'सॉरी म्हण'. हुकूम देऊन रोप वाढत नाही. त्याच्या शेजारी बसून तण काढावं लागतं, पाणी द्यावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. लहान मुलाला चार माणसांत वावरणं शिकवायचं तर प्रत्यक्ष प्रसंगात कोणीतरी मोठं माणूस त्याच्या शेजारी असावं लागतं. दहा दिवसांच्या शिबिरानं हे काम होत नाही, आणि लांबून दिलेल्या सूचनांनी तर नाहीच.

आधी वयाचं बोलतो, कारण निम्म्या तक्रारी वय न कळल्यामुळे होतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी बालवाडीतल्या मुलांचं खेळणं बारकाईनं पाहून 1932 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलं आधी एकेकटी खेळतात. मग एकमेकांच्या शेजारी बसून, पण आपापलं खेळतात. मग एकमेकांच्या खेळात थोडं मिसळतात. आणि सगळ्यांनी मिळून नियमानं, कामं वाटून घेऊन खेळणं हे सर्वांत शेवटी येतं. म्हणजे दोन वर्षांचं पोर दुसऱ्याशेजारी पाठ फिरवून माती उकरत बसलं असेल तर ते घुमं नाही, त्याच्या वयाचंच आहे. त्याच्याकडून "बाळाला गाडी दे" अशी अपेक्षा करणं म्हणजे गुडघ्यावर रांगणाऱ्याला पळायला सांगणं. पण पाच-सहा वर्षांचं मूल मात्र मिळून खेळायला तयार झालेलं असतं. ही तयारी वापरली नाही तर ती तशीच पडून राहते.

एकतीस वर्षं मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली. त्यातला बराचसा काळ पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे होते. म्हणून मला या विषयात सगळं येतं असं कोणी समजू नये. माझी सर्वांत मोठी चूक याच विषयातली आहे.

नोकरीची पहिलीच वर्षं. वर्गात आमच्याच समाजातलं एक पोर होतं. घरात दखनी बोलणारं. दखनीत थोरामोठ्यांशी बोलण्याची रीत वेगळी, मराठीतला 'तुम्ही' त्याला अजून सरावाचा नव्हता. मधल्या सुट्टीनंतर तो माझ्याजवळ आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "गुरुजी, तू जेवला का?" वर्ग हसला. मीही हसलो. आणि मोठ्यानं म्हणालो, "गुरुजींना तू म्हणतात होय रे? घरी हेच शिकवतात का?"

ते पोर दिवाळीपर्यंत वर्गात बोललं नाही.

मी स्वतः त्याच बोलीच्या घरातून आलेलो. माझ्या आईची मराठीही तशीच होती. तरीही, किंवा त्यामुळेच, मला माझी मराठी किती स्वच्छ आहे हे दाखवायची हौस होती. पोरानं माझी विचारपूस केली होती. सहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाला जेवलास का विचारतं, याहून मोठा सामाजिक गुण कोणता? तो गुण मला दिसला नाही, सर्वनाम दिसलं.

शाळेत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी मला रागावलं नाही. त्यांनी त्या पोराला काम दिलं. व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. मधल्या सुट्टीत माठापाशी उभं राहायचं आणि ओगराळ्यानं सगळ्यांना पाणी द्यायचं. नियम एकच, पाणी हवं असेल त्यानं त्याचं नाव घेऊन मागायचं आणि त्यानं पुढच्याचं नाव घेऊन बोलवायचं. पाणी कुणाच्या हातचं प्यावं हा प्रश्न ज्या गावातून अजून पुरता गेला नव्हता, तिथं बाईंनी हे काम त्याला काही न बोलता दिलं. पहिल्या दिवशी त्या स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या लांब. आठवड्याभरात पोर ओरडून नावं घ्यायला लागलं. मग बाई त्याच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "घरमें तो मुँह बंद नै होता इसका." बाईंनी तिला शनिवारच्या सकाळच्या शाळेला येऊन बसायला सांगितलं. ती आली, मागं भिंतीला टेकून बसली. आई वर्गात बसलेली पाहून पोराच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

बाईंनी जे केलं त्याचे तीन भाग होते. पोराला इतरांना उपयोगी पडेल असं काम दिलं, सुरुवातीला त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मग हळूहळू बाजूला झाल्या. पुढं पुस्तकांत मला याची मोठमोठी नावं सापडली. पण मी शिकलो ते त्या माठापाशी.

नातवाच्या बाबतीत मी तेच केलं. आधी त्याला घेऊन दोन संध्याकाळी नुसता कट्ट्यावर बसलो. खेळायचं नाही, बघायचं. "आता कोणाची बॅटिंग? तो आऊट झाला तर कोण येणार? चेंडू कारखाली गेला की कोण आणतं?" मुलांच्या खेळाचं निरीक्षण करणाऱ्यांनी ही गोष्ट नोंदवली आहे की जे मूल आधी खेळ बघतं आणि चाललेल्या खेळाला धरून आत शिरतं, त्याला बाकीची मुलं लवकर घेतात. जे मध्येच घुसून खेळ थांबवतं त्याला बाहेर काढतात. मोठ्या माणसांच्या गप्पांचंही तसंच असतं, नाही का?

तिसऱ्या दिवशी चेंडू आमच्या बाजूला आला. मी त्याला कोपरानं ढोसलं. तो पळाला, चेंडू उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि मग फेकला. "थँक्यू रे," एक पोर म्हणालं. त्या संध्याकाळी त्यानं बहुधा वीस वेळा चेंडू आणून दिला. चौथ्या दिवशी त्या मोठ्या पोरानं, ज्याला यानं लाथ मारली होती त्यानंच, हाक मारली, "ए, तू ये, कच्चं लिंबू!"

कच्चं लिंबू! माझ्या लहानपणी गावातल्या वेशीसमोर आम्ही हेच म्हणत होतो. लहान पोराला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आलं तरी ते धरायचं नाही. तो पळेल, हसेल, पडेल, नियम बघून बघून शिकेल आणि एक दिवस पक्का भिडू होईल. कोणत्याही मानसशास्त्रज्ञाची वाट न पाहता मराठी मुलांनी हा नियम स्वतः काढला. मोठ्यांनी मात्र तो टाकून दिला. आपण पोराला एक तर घरात कायम राजा ठेवतो, नाही तर बाहेर पहिल्या दिवसापासून पक्का भिडू म्हणून उभं करतो. मधला कच्च्या लिंबाचा काळ आपण त्याला देत नाही.

दुसरीकडे घरात मी लुडोत हरणं बंद केलं. पहिल्या दिवशी त्यानं पट उधळला. मी सोंगट्या गोळा केल्या नाहीत, रागावलोही नाही. म्हटलं, "तुला राग आला. हरलं की मलाही येतो. राग गेला की सोंगट्या आपण दोघं गोळा करू." राग यायला मुलाला मनाई करता येत नाही. राग आल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे शिकवता येतं. त्यासाठी आधी त्या रागाला नाव द्यावं लागतं. 'राग आला', 'हेवा वाटला', 'भीती वाटली' हे शब्द ज्या मुलाकडे असतात त्याला हात उचलायची गरज कमी पडते.

आता ज्या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक घरात चुकतात त्यांबद्दल बोलतो. पहिली म्हणजे जबरदस्तीचं वाटणं. पाहुण्यांचं मूल आलं की आपण आपल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून त्याला देतो आणि वर म्हणतो, "शहाणा आहेस ना तू?" यातून मूल वाटायला शिकत नाही. मोठ्याच्या हाती ताकद असली की दुसऱ्याची वस्तू काढून घेता येते, हे मात्र नक्की शिकतं. इथं मला प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हकीकत आठवते. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बैठकीत पेय आलं. प्रेषितांनी घेतलं. उजव्या बाजूला एक मुलगा होता आणि डावीकडे वयोवृद्ध मंडळी. रिवाजानं पेला उजवीकडे जायचा. प्रेषितांनी त्या मुलाला विचारलं, मी आधी या मोठ्यांना देऊ का? मुलानं नम्रपणे नकार दिला, तुमच्याकडून येणारा माझा वाटा मी कोणाला सोडणार नाही म्हणाला. आणि पेला त्याच्याच हातात गेला. आपल्या मशिदींत आणि घरांत थोरांचा आदर करा हे मुलांना नेहमी ऐकवलं जातं. पण मुलाची पाळी असेल तर थोरांनीही त्याची परवानगी मागावी, ही या हकीकतीची बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. ज्याची पाळी कधी कोणी हिरावून घेतली नाही, तोच मनापासून आपली पाळी दुसऱ्याला देऊ शकतो.

दुसरी चूक म्हणजे चारचौघांत शिक्का मारणं. पाहुण्यांसमोर मूल बोललं नाही की आई म्हणते, "हा लाजाळूच आहे." बाप म्हणतो, "घरात वाघ, बाहेर शेळी." सगळे हसतात. मुलाला एवढंच कळतं की आपण असे आहोत. त्याऐवजी पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटं सांगता येतं, "आज फलाण्या काकू येणार आहेत. आल्या की तू दार उघड आणि पाणी दे. बोलावंसं वाटलं तर बोल." जे बोलू शकत नाही ते पाणी देऊ शकतं. त्या माठापाशी मी हेच पाहिलं होतं. जबरदस्तीच्या 'सॉरी'चंही असंच आहे. ज्याला मारलं त्याला लागलंय का बघ, पाणी आणून दे, पडलेली सायकल उचलून दे. हे केलं की सॉरी कधी तरी आपोआप तोंडात येते. नुसतं तोंडातून वदवून घेतलेलं सॉरी म्हणजे शिक्षेतून सुटायचं तिकीट असतं.

आता पालकांच्या सहभागाबद्दल. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की फक्त आई दिसते. बापाचं काम फी भरण्यापर्यंत. मी तीन दशकं पालकसभा घेतल्या. बाप यायचे ते तक्रार असेल तेव्हा. आणि आमच्या समाजातल्या आया कमी यायच्या, आल्या तर मागच्या रांगेत बसायच्या. कारण विचारलं तर हळूच सांगायच्या, "सर, मराठी नीट येत नाही, लोक हसतील." मला माझं ते हसणं आठवायचं. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. ही खुर्ची कायद्यानं आपल्यासाठी ठेवलेली आहे. मोडक्या मराठीत का होईना, आई सभेत उठून एक वाक्य बोलली तर तिच्या पोराला शंभर सूचनांपेक्षा जास्त कळतं.

शाळांनीही थोडं पुढं यावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आज सरकारी योजनेत आपण जो 'अंगणवाडी' शब्द रोज वापरतो, त्याच्यामागे हा विचार आहे. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्या अंगणापर्यंत जावं. शिक्षकानं वर्षातून एकदा मुलाचं घर पाहिलं, तरी वर्गातल्या अनेक न बोलणाऱ्या मुलांची कोडी सुटतील.

आणि आता सुनेनं विचारलेल्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मी टाळला असं वाटायला नको. नावामुळे होतं का? त्या दिवशी नव्हतं. पण दोन आठवड्यांनी खेळता खेळता एका पोरानं नातवाला विचारलंच, "तू मुस्लिम आहेस ना? मग तू गणपतीला येणार का?" मी कट्ट्यावर होतो. काळजात धस्स झालं. नातू म्हणाला, "मोदक असले तर येणार. तू ईदला येतोस का? शीरखुर्मा असतो." ते पोर म्हणालं, "काजू असतात का त्यात?" आणि चेंडू टाकला.

त्याला हे उत्तर मी शिकवलं नव्हतं. पण तो ज्या घरात वाढला तिथं दर ईदला शीरखुर्म्याचे डबे शेजारी जातात आणि दिवाळीला फराळाची ताटं येतात. ते डबे सून त्याच्याच हाती देते, "खालच्या मजल्यावर दे, बेल वाजव आणि ईद मुबारक म्हण" असं सांगून. अशा चार दारांवर गेलेल्या मुलाला परक्या माणसाशी बोलायची भीती राहत नाही. आईबाप कोणाशी बोलतात, कोणाच्या घरी जातात, फोन ठेवल्यावर शेजाऱ्याबद्दल काय बोलतात, हाच मुलाचा अभ्यासक्रम असतो. आपण घरात 'ते लोक असेच' म्हणायचं आणि मुलानं बाहेर सगळ्यांशी गोड वागायचं, असं होत नसतं. हे मी माझ्या समाजाला सांगतो आणि तितक्याच हक्कानं माझ्या हिंदू वाचकांनाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये पूर्वग्रहांवरच्या आपल्या पुस्तकात मांडलं की निरनिराळ्या गटांतली माणसं नुसती जवळ राहिली म्हणून मनं जुळत नाहीत. ती बरोबरीच्या नात्यानं एकत्र आली, सगळ्यांचं काम एक असलं, त्यासाठी एकमेकांची गरज लागली आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असला, की पूर्वग्रह कमी होतात. पार्किंगमधलं क्रिकेट म्हणजे याहून काय वेगळं आहे? म्हणूनच मला काळजी वाटते ती वेगळीच. आता आपल्या शहरांत मोहल्ले आणि सोसायट्या वेगवेगळ्या होत चालल्या आहेत. काही ठिकाणी आम्हाला घर मिळत नाही, काही ठिकाणी आम्हीच 'आपल्या लोकांत' राहणं पसंत करतो. दोन्हींत तोटा सहा वर्षांच्या मुलाचा होतो, आमच्या आणि तुमच्याही. त्याला सरावासाठी वेगळा भिडूच मिळत नाही. मग विशीत पहिल्यांदा भेट होते, तीही नोकरीच्या मुलाखतीत किंवा एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणात. ज्यांच्या आसपास मिश्र वस्ती नाही त्यांनी तरी बाग, वाचनालय, पोहण्याचा तलाव, मैदान अशा ठिकाणी मुलाला घेऊन जावं. आणि सोडून परत येऊ नये. तिथं बसावं.

फोनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि एक वर्षाखालच्या बाळांना तर पडदा दाखवूच नये. मला फोनमधलं सर्वांत धोक्याचं एवढंच वाटतं की तो मुलावर कधी रागावत नाही, रुसत नाही आणि आपली पाळी मागत नाही. त्याच्या संगतीत मुलाला दुसऱ्या माणसाचा सराव होत नाही.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. प्रत्येक न मिसळणारं मूल केवळ सरावाअभावी तसं असतं असं नाही. हाक मारल्यावर वळून न पाहणं, नजरेला नजर न देणं, वयाच्या मानानं शब्दच न येणं, आधी येत असलेलं बोलणं बंद होणं असं काही दिसलं तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणत थांबू नये. ऐकण्याचा दोष असू शकतो, स्वमग्नता असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथं मोफत दाखवता येतं. यात लपवण्यासारखं काही नाही. ताबीज बांधण्यात किंवा नजर उतरवण्यात गेलेली दोन वर्षं मुलाला परत मिळत नाहीत.

नातवाचं पुढं काय झालं? तो फार शहाणा झाला असं सांगितलं तर खोटं होईल. परवा फोनवर सून म्हणाली, भांडून आला. पण स्वतःच खाली परत गेला, असंही म्हणाली. मला तेवढं पुरे आहे. मुलानं कधी भांडूच नये अशी माझी अपेक्षा नाही. भांडल्यावर परत जाता यावं, आणि परत गेल्यावर घेतलं जावं, एवढं जमलं तरी तो माणसांत आला. मुलगाही आता आठवड्यातून दोन संध्याकाळी फोन घरी ठेवून त्या कट्ट्यावर बसतो. पहिल्यांदा त्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. आता बाकीचेही दोन बाप तिथं येऊन बसतात आणि त्यांच्या गप्पा पोरांच्या खेळानंतरही चालतात. एक जोशी आहे, एक कांबळे, आणि आमचा.

शिबिराची फी वाचली. त्यातून एक चांगला चेंडू आला, आणि तो चेंडू आमच्या घरी नसतो. पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीवर ठेवलेला असतो, सगळ्यांचा म्हणून.